वाट्याखालची मासळी

वसई, ८ ऑगस्ट, रात्र

दोन महिन्यांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली आणि बाजारात वाटे पुन्हा लागले. सहा बांगड्यांचा एक वाटा डोळ्यांसमोर आणावा. वरच्या चौघांचे डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, बोटाने दाबले तर मांस लगेच वर येते. खालचे दोन बर्फात बरेच दिवस राहिलेले. त्यांचे डोळे आत गेलेत, कल्ले तपकिरी पडलेत, पोट मऊ लागते. गिऱ्हाईक वरचे चार बघून भाव ठरवते आणि पिशवीत सहा पडतात.

हे पाप की धंद्याची रीत? ‘प्रामाणिक राहा’ एवढ्या उपदेशाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. इथे डोके चालवावे लागते, आणि डोके चालवणे हा श्रद्धेचाच भाग आहे असे मी मनापासून मानतो. मध्ययुगातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी खरेदी-विक्रीचा असाच बारीक विचार करून ठेवला आहे. दोष उघड दिसत असेल, घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी घेतली असेल, तर विकणाऱ्याने तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही. दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे शिळा बांगडा विकण्यात पाप नाही. तो वेगळ्या वाट्यात, कमी भावात, सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. पाप आहे ते त्याला ताज्याच्या खाली घालण्यात.

त्यांचे दुसरे उदाहरण मला जास्त विचार करायला लावते. धान्य महाग असलेल्या गावात एक व्यापारी गहू घेऊन पोचतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. त्याने ते सांगायलाच हवे का? अक्वायनस म्हणतात, चालू भावाने विकले तर न्याय मोडत नाही. पण सांगितले, किंवा भाव उतरवला, तर तो अधिक मोठा सद्गुण. उद्या पहाटे भरलेल्या बोटी बंदराला लागणार हे आज विकणाऱ्याला कळलेले असते, तिथे हाच प्रश्न उभा राहतो. न्यायाची हद्द कुठे संपते ते बुद्धी दाखवते. हद्दीपलीकडे एक पाऊल टाकायचे, मोजक्या पैशांत घर चालवणाऱ्या बाईला ‘उद्या घे, स्वस्त होईल’ म्हणायचे, हे प्रीतीचे काम. ते प्रार्थनेशिवाय जमत नाही.

आता काटा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात थैलीत दोन तऱ्हेची वजने ठेवायला मनाई आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती दोन वजने वेगळ्या रूपात येतात. ओली पाटी ठेवून आकडा शून्यावर आणलाच नाही, किंवा बर्फाचे पाणी पिशवीतून निथळू दिले नाही. किलोमागे ५० ग्रॅम पाणी गेले, तर ८०० रुपये किलोच्या मासळीत गिऱ्हाइकाचे ४० रुपये गेले. काटाच बिघडलेला निघाला तर? नकळत झाले तोवर पाप नाही, पण कळल्या क्षणापासून भरपाई देणे लागते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पुढच्या खेपेला तेवढे जास्त तोलून द्यावे. माणूस सापडतच नसेल, तर अंदाजाने तेवढी रक्कम गरिबांना द्यावी. नुसते पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, करून हे कर्ज फिटत नाही, आणि हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही याची मला खंत आहे.

रात्रीच्या आत्मपरीक्षणाला येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी पाच टप्पे दिले: उपकारस्मरण, प्रकाशाची याचना, दिवसाची तासागणिक उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निर्धार. बिघडते ते बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यावर. ‘आज मी नीट वागलो का?’ असे विचारले की मन लगेच ‘बऱ्यापैकी’ म्हणते आणि झोप लागते. प्रश्न हाताला लागेल असा हवा: कोणत्या वाट्याखाली काय होते? मजुराची आजची मजुरी आजच दिली का? मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नये, असे बायबलच्याच ‘लेवीय’ पुस्तकाच्या १९व्या अध्यायात स्पष्ट आहे. वाडीत फुले खुडणाऱ्या बाईला ‘शनिवारी एकदम देतो’ म्हणताना ते आठवायला हवे.

दुसरी चूक म्हणजे सगळे दोष एकदम धरणे. इग्नेशियस एकच दोष धरायला सांगतात. सकाळी उठल्याबरोबर त्याच्याविरुद्ध निर्धार करायचा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मोजणी. वहीत प्रत्येक दिवसाला दोन रेघा. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडून बघायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्याशी. दिवसभरात घसरलो की त्याच क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही.

या आठवड्यासाठी दोष: अर्धे खरे बोलणे. रविवारपासून शनिवारपर्यंत चौदा रेघा आखून ठेवल्या आहेत.