उभ्याने खाल्लेल्या नेवऱ्या

मागच्या वर्षी चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) माझं वजन ६४ किलो होतं, नाताळ उलटल्यावर ६७. गोव्यात चवथीला खाणं सुरू होतं ते दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, जत्रा करत नाताळापर्यंत. त्यात आमचं घर देवळांच्या फोंड्याला, म्हणजे जत्रा टाळणार कशी?

वर्षभर धडपडून जेमतेम एक किलो उतरलं. अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचा एक अभ्यास २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. सुट्ट्यांत सरासरी वाढ ०.३७ किलोच निघाली, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही ती उतरली नव्हती. माझं तर तीन किलोचं प्रकरण.

यंदा चवथीला सासरच्या मूळ घरी डाएटबिएट काढलं असतं तर हसं झालं असतं. मी फक्त खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. नंतर वाचताना लाज वाटली. चवथीच्या पानात भात, खतखतं, मुगागाठी, वाटीभर मणगणं. त्यात काही वावगं नव्हतं. खरी गोम पंचमीनंतरची: ‘डबा उघडला, अर्धी नेवरी (आमची करंजी).’ ‘चहा गाळताना एक.’ सहा दिवसांत अकरा, सगळ्या ओट्याशी उभ्याने, आणि एकीचीही चव आठवेना.

मग एकच ठरवलं. गोड खायचं ते बशीत घेऊन, बसून, मोबाईल लांब ठेवून. नेवऱ्यांचा डबा माळ्यावर गेला. स्टूल आणायचा मला कंटाळा, त्याचा असा उपयोग झाला.

हळू खायचं कसं ते मात्र पातोळीनं शिकवलं. उरलेल्या हळदीच्या पानांच्या आईंनी (सासूबाईंनी) पातोळ्या केल्या. गरम पान सोलताना बोटं भाजतात, म्हणून थांबावं लागतं. वाफेबरोबर हळदीच्या पानाचा वास येतो आणि पांढऱ्या पिठावर पानाच्या शिरा उमटलेल्या दिसतात. एरवी चार सहज संपवणारी मी दोनांवर थांबले. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणे. एवढा वेळ मी त्याला कधी दिलाच नव्हता.

दिवाळीला फसले. घरोघरी फोव (पोहे) खायला जायचं म्हणून सकाळी घरी काहीच खाल्लं नाही. पहिल्याच घरी दुधातले, ताकातले, गुळाचे, रोसातले (नारळाच्या दुधातले) असे वाट्या भरभरून हाणले आणि तिसऱ्या घरी नुसतं बघवेना. तिथल्या आत्येचं ‘खा गो, लाजू नको’ चालूच. दुसऱ्या दिवशी घरून नाश्ता करून निघाले आणि प्रत्येक घरी एकाच वाटीत सगळ्या प्रकारांचा एकेक चमचा मागून घेतला. आत्येला आपले फोव खाल्ल्याशी मतलब, किती ते कोण मोजतंय!

नाताळला शेजारच्या आंटीकडून ताट आलं. दोदोल, बोलिन्यास, कुलकुल आणि बेबिंका या थराथराच्या गोडाचा जाडजूड तुकडा. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप. मी तो आडवा कापला नाही, एकेक थर सोडवून खाल्ला. सात थर, अर्धा तास. बाकीचं घरच्यांत वाटलं.

दोन जानेवारीला काटा ६६.४. चारशे ग्रॅम वाढले, चालेल.

शेजाऱ्यांचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं. मी दरवर्षी त्यात लाडू घालते आणि ते करताना निम्मे चाखते. यंदा परसातले चिकू घालायचं ठरवलंय. ते अजून पिकले नाहीत, म्हणून ताट आमच्याकडेच आहे.