गोचीड चिमट्याने काढा, तेलाने नाही

आपल्या किंवा कुत्र्याच्या अंगात रुतलेला गोचीड दिसला की पुष्कळ जण तेल, रॉकेल, व्हॅसलीन, नाहीतर पेटती काडी शोधतात. जीव घुसमटला की तो आपणहून सुटेल, ही समजूत. पण गोचीड फार क्वचित श्वास घेतो, त्यामुळे तेलाखालीही बराच वेळ तग धरतो. तोवर चावा चालूच. शिवाय डिवचलेला गोचीड लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत सोडू शकतो, आणि रोगजंतू असतात ते त्यातच. हे उपाय नुसते निरुपयोगी नाहीत, धोक्याचे आहेत.

लागतो फक्त बारीक टोकाचा चिमटा. भुवयांसाठीचा रुंद टोकाचा नको. त्यात गोचिडाचं पोट दाबलं जातं. हातमोजे घाला. कुत्र्याचा गोचीड काढताना त्याला दुसऱ्या कोणीतरी धरावं, तुम्ही केस बाजूला सारा. चिमट्याची टोकं कातडीला टेकवून गोचिडाला तोंडापाशी पकडा आणि एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. कातडी थोडी उचलली गेली तरी ताण तसाच धरून ठेवा, गोचिडाची पकड सुटते. हिसका नको, पीळही नको: त्याच्या सोंडेवर मागे वळलेले काटे असतात, स्क्रूसारखे आटे नसतात, त्यामुळे पिळलं की ती मोडते. (गोचीड काढायचा खाचेचा खास हूक वापरत असाल तर त्याची रीत वेगळी असते, त्यावरच्या सूचना पाळा.)

सोंडेचा तुकडा आत राहिलाच तर घाबरू नका. चिमट्याने सहज आला तर काढा, नाहीतर राहू द्या; कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. सुईने उकरलेली जागा मात्र पिकते.

नंतर जखम आणि हात साबणाने धुवा. गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटमध्ये बुडवा. तारीख लिहून ठेवा. पुढच्या 30 दिवसांत ताप, अंगदुखी, पुरळ किंवा चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. लाइम या गोचिडामुळे होणाऱ्या रोगाचे जिवाणू अंगात शिरायला बहुधा 24 तासांहून अधिक लागतात, पण काही विषाणू त्याहून फार लवकर पोचतात. म्हणून दिसला की लगेच काढायचा.

गवताळ, झाडीच्या जागेतून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, बेंबी, कानामागे, केसांत तपासा. जाताना पँट मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला डीट (कीटकांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा. 0.5 टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांवर आणि बुटांवर फवारायचं, अंगावर नाही. ओलं परमेथ्रिन मांजरांना जीवघेणं ठरतं, हे विसरू नका.

कुत्र्याच्या कानांत, पंज्याच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली, शेपटीखाली रोज बोटं फिरवा. काढूनही गोचीड पुन्हापुन्हा दिसत असतील तर ते बहुधा घरातूनच येतात. तपकिरी गोचिडाची मादी रक्त पिऊन कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. नुसता कुत्रा धुऊन हे थांबत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूमने ओढा, आणि कुत्र्याचं गोचिडावरचं औषध काही महिने न चुकता चालू ठेवा.

औषध पशुवैद्यांकडून, कुत्र्याच्या ताज्या वजनावरूनच घ्या. फिप्रोनिल या गोचीडनाशकाचे थेंब केसांवर नाही, केस फाकून कातडीवर टाकायचे. आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनरसारख्या गोळ्या प्रभावी आहेत, पण कुत्र्याला फिट येत असतील तर आधी सांगा. कुत्रा सुस्त झाला, खाईना, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर तो गोचिडामुळे झालेला आजार असू शकतो; रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. अंगावर गोचीड दिसत नसला तरीही.