आधी क्लॉक बंद, मग वीज

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत आमची छोटी कंपनी मोजमापाचे बोर्ड बनवते. बोर्डावरच्या एका सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे तो सेन्सर चालवणारा कोड, वाचताना क्लॉक (चिपला ताल देणारा सिग्नल) बंद करणारं चार ओळींचं फंक्शन दिसलं, आणि ड्रायव्हरपासून डिव्हाइस सुटताना ते आपोआप चालावं म्हणून केलेली नोंद. शेजारच्या ड्रायव्हरमध्येही तेच, फक्त नाव वेगळं. तिसऱ्यात हेच काम डिव्हाइस सुटताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये हाताने केलेलं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ६.० मध्ये, २०२२ साली, यासाठी एकच तयार फंक्शन आलं: डेव्हएम क्लॉक गेट एनेबल्ड. डेव्हएम म्हणजे घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी कर्नलची सोय. ते क्लॉक मिळवतं, चालू करतं आणि डिव्हाइस सुटलं की बंदही करतं.

मी उत्साहात तिन्ही ड्रायव्हर एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच गठ्ठ्यात, बदलले, वर रिकाम्या जागाही नीट केल्या आणि तो कर्नल सांभाळणाऱ्यांना पाठवला. उत्तर आलं: एका पॅचमध्ये एकच बदल, प्रत्येक ड्रायव्हर वेगळा. ते पटलं. पुढे बिघाड झाला तर बायसेक्ट करून, म्हणजे बदलांची यादी अर्धी-अर्धी तपासत, नेमका बदल सापडला पाहिजे.

दुसऱ्या फेरीत मात्र माझी खरी चूक निघाली. तिसऱ्या ड्रायव्हरच्या रिमूव्हमध्ये आधी क्लॉक आणि मग रेग्युलेटर, म्हणजे चिपची वीज, बंद होत होती. मी फक्त क्लॉक डेव्हएमकडे सोपवलं. डेव्हएमची आवरासावर रिमूव्ह संपल्यावर सुरू होते, आणि घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने सोडते. त्यामुळे आता वीज आधी जाई आणि क्लॉक मागाहून. तपासणाऱ्याने हे एका वाक्यात दाखवलं. रात्री दांडिया बाजारातल्या घरी कागदावर दोन्ही क्रम लिहून काढले, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

उपाय पॅचच्या क्रमात होता. पहिल्या पॅचमध्ये रेग्युलेटर डेव्हएमकडे दिला: रिमूव्हमध्ये क्लॉक बंद, त्यानंतर वीज. दुसऱ्यात क्लॉकही दिलं: ते वीज सुरू झाल्यावर घेतलेलं असल्याने आधी सुटतं. दोन्ही टप्प्यांवर क्रम शाबूत. हे पॅच उलटे लावले असते तर मधला टप्पा बिघडलेलाच राहिला असता.

माझ्याकडे फक्त तिसऱ्या ड्रायव्हरची चिप होती. सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलला फायलींतून सूचना देण्याच्या सोयीतून, ड्रायव्हर शंभरदा सोडला, शंभरदा जोडला. बाकी दोन्हींच्या पॅचमध्ये स्पष्ट लिहिलं की फक्त कंपाइल करून पाहिले आहेत. पॅचची मांडणी तपासणारा चेकपॅच चालवला, आणि पॅच कोणाला पाठवायचा ते सांगणाऱ्या गेट मेंटेनर या स्क्रिप्टने दिलेल्या पत्त्यांवर मेल पाठवली. तिसरी आवृत्ती स्वीकारली गेली.

आई म्हणाली, ‘‘इतके दिवस बसून ओळी कमीच केल्यास?’’ म्हटलं, ‘‘हो गं, तेच काम होतं.’’

चौथाही एक ड्रायव्हर सापडला होता. त्यात क्लॉक चालू करण्याआधी त्याचा वेग ठरवावा लागतो, आणि हे फंक्शन तर क्लॉक हातात येताक्षणीच चालू करतं. तो मी तसाच ठेवला आहे.