जुन्या ट्रेलरमधली ऊब आणि वीज: माझा अनुभव

जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, हाती आला तेव्हा त्यात गॅसवर चालणारी मूळची भट्टी, एक लेड-ॲसिड बॅटरी आणि बाहेरून वीज जोडली तरच कामाला येणारा चार्जर होता. मला तो ऐन थंडीत वापरायचा होता, तोही विजेची जोडणी नसलेल्या जागी. ऊब आणि वीज ही दोन वेगळी कामं समजून बरेच जण आधी हीटर आणतात, बॅटरीचं मग बघू म्हणतात. मला हे पटत नाही. रात्रभर हीटरचा पंखा कशावर फिरणार हे ठरल्याशिवाय हीटर निवडताच येत नाही.

म्हणून आधी कागदावर हिशेब मांडला. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२.८ व्होल्टला १२८० वॅट-अवर वीज मावते. १५०० वॅटचा विजेचा हीटर लावला तर ती तासभरही पुरत नाही. तेव्हा ऊब इंधनातूनच घ्यायची आणि विजेवर फक्त हवा खेळवायची, हे पक्कं झालं.

जुन्या भट्टीतला ज्योतीभोवतीचा पत्र्याचा डबा शिवणीवर गंजला होता. तो फुटला तर कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या जागेत येणार, त्यामुळे भट्टी सरळ काढून टाकली. उघड्या ज्योतीचा हीटरही नको होता. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते आतच राहिलं तर थंड पत्र्याला घाम सुटतो आणि आतला लाकडी सांगाडा कुजू लागतो. जुने ट्रेलर जास्त करून पाण्यानेच जातात.

शेवटी २ किलोवॅटचा डिझेल हीटर घेतला. तो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. ५ किलोवॅटचाही मिळतो, पण छोट्या जागेत तो सतत मंद चालतो आणि मंद चालला की आत काजळी धरते. धुराच्या नळीसाठी फरशीला भोक पाडलं, तिथे धातूची पट्टी बसवली, म्हणजे तापलेली नळी प्लायवूडला टेकत नाही. नळीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, कारण तिच्यात पाणी साठतं.

खरा वेळ गेला तो वायरिंगमध्ये. भिंतीची फळी काढली तर जुन्या जोडांमधलं तांबं हिरवं पडलेलं, काही तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या. दिवे त्यावर वर्षानुवर्षं लागत होते, पण हीटरचं तसं नाही. पेटताना त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवण्यासाठी तापणारी कांडी) ८ ते १० अँपिअर ओढतो, मग काम १-२ अँपिअरवर येतं. बॅटरीपासून हीटर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत १० अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच खर्च होतो, ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण ०.३ व्होल्ट. बॅटरी भरलेली असूनही हीटर पेटत नाही आणि कमी व्होल्टेजचा एरर दाखवतो, तेव्हा दोष बरेचदा या बारीक तारेचा असतो. मी ६ ची तार ओढली, टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून घट्ट बसवले आणि मल्टिमीटर थेट हीटरच्या टोकांवर लावून, तो पेटत असतानाच व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर मोजून काही कळत नाही.

हीटरची ही तार मुख्य स्विचवरून न नेता स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडली. बंद केल्यावरही तो पंखा चालवून स्वतःला थंड करतो. मधेच वीज तोडली तर आतली उष्णता त्याचेच भाग खराब करते. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच क्लास टी फ्यूज आहे. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर इतका प्रचंड करंट सोडते की साध्या फ्यूजला तो तोडणं जमेलच असं नाही.

या बॅटरीचा एक नियम मात्र काटेकोर पाळावा लागतो: सेल शून्य अंशाखाली असतील तर तिला चार्ज करायचं नाही. तसं केलं तर लिथियमचा धातू इलेक्ट्रोडवर बसतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. बॅटरी पलंगाखाली, गरम हवेच्या वाटेत ठेवली. पहाटे हीटरमुळे ती उबेत असते आणि ऊन आलं की सोलर पॅनलचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारं यंत्र) निर्धास्त चार्जिंग सुरू करतो. जुना चार्जर काढला, कारण त्याचं व्होल्टेज लेड-ॲसिडसाठी ठरवलेलं होतं. गाडीच्या अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) चार्ज घेताना मधे करंट आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर आहे, नाहीतर रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरला तापवून काढते. किती वीज उरली हे शंटवरच्या (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणाऱ्या भागावरच्या) मीटरवर बघतो. व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहतं, त्यावरून अंदाज बांधता येत नाही.

दिवे एलईडीचे केले, ते काम चुटकीसरशी झालं. खिडक्यांच्या कडांना ब्यूटिल टेप (फटी बुजवणारी चिकट पट्टी) लावल्यावर हीटर कमी वेगावर भागवू लागला, पण पंखा वीज खातो म्हणून त्याची नोंद अजून ठेवतोय. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ बसवलाय आणि ट्रेलर उभा करताना धुराची नळी वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, उघड्या खिडकीपासून लांब राहील असं बघतो.