पाझर, थेंब आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग

गेल्या आषाढात प्रार्थना संपल्यावर तिसरीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीखाली रंग सांडलेत." शाळेच्या आवारात पाणी साचलं होतं आणि माझ्या वॅगन आरखालून निळ्या-जांभळ्या कडांचा तवंग त्या पाण्यावर हळूहळू पसरत होता.

माझी शाळा खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात आहे. बेळगावहून पिरनवाडी, किणये करत रोजचं जाणं-येणं 50-60 किलोमीटर होतं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. गाडी 2012 ची आहे, पण तिच्यावरच माझी नोकरी चालते, म्हणून तो तवंग बघून पोटात गोळा आला.

त्याच संध्याकाळी शहरातल्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने मोबाईलचा टॉर्च लावून खालून मिनिटभर बघितलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल होतं. तिथे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, तेल बाहेर येऊ नये म्हणून रबरी सील असतं. "क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागणार, 11 हजार धरा. साहेबांचा नंबर द्या, त्यांना समजावून सांगतो." गाडी माझी, तिचे हप्ते मी फेडलेले. विचार करून सांगते म्हणाले आणि निघाले.

घरी आप्पांना सांगितलं. आप्पांची 31 वर्षं उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर गेली. त्यांनी आधी विचारलं, "त्यानं इंजिन पुसून बघितलं काय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "तेल खाली पडूलालंय म्हणजे खालनंच निघालंय असं नसतंय गं. वरनं वघळून येतंय, वाऱ्यानं मागं जातंय. आधी धुवायचं, मग बघायचं."

मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याचं पॅकिंग, म्हणजे झाकणाखालचं रबर, एका कोपऱ्यात कडक झालं की तेल बारीक धारेने इंजिनाच्या अंगावरून उतरतं आणि गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन थेंब धरतं. क्रँकचं मागचं सील गेलं तरी थेंब तिथेच दिसतो. एका कामात गिअरबॉक्स खाली येतो, दुसऱ्यात वरचे बोल्ट काढून एक रबर बदललं की झालं. धुतल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

त्या रात्री गाडीखाली फ्रीजचा जुना खोका उलगडून ठेवला आणि चाकं कुठे आहेत ते खडूने आखून घेतलं. सकाळी खोक्यावर रुपयाएवढे चार डाग होते, तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, असतं तर रंगीत आणि पाण्यासारखं पातळ लागलं असतं. एसीचं तर नुसतं पाणीच असतं, त्याला घाबरून किती जण गॅरेज गाठतात! मग सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघितली. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. दर रविवारी बघून वहीत लिहायला लागले. तीन आठवड्यांत पातळी जेमतेम तांदळाएवढी उतरली, आणि माझी भीती निम्मी झाली. तेलाचा लाल दिवा पेटला तर मात्र वाट बघायची नसते, गाडी कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं. तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर तेल पडून जळका वास येत असेल तरी आठवडे घालवू नयेत.

आता प्रश्न मेस्त्रीचा. मी शेजाऱ्यांना विचारलं नाही, कारण त्यांच्या गाड्या रविवारी देवळापर्यंत जातात. खानापूर स्टँडवरच्या वडापवाल्यांना, म्हणजे सीटवर भाडं घेऊन गाडी चालवणाऱ्यांना, विचारलं. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली. तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं, त्यातल्या दोघांनी एकाच मेस्त्रींचं नाव घेतलं. एक जण म्हणाला, "जरा हळू करतेत बघा बाई, पण परत जावं लागत नाही." ते 'परत जावं लागत नाही' माझ्या मनात बसलं.

तरी गळतीचं काम लगेच दिलं नाही. आधी नुसतं तेल बदलायला गेले आणि स्टूल घेऊन शेजारी बसले. बसू का विचारलं तर म्हणाले, "बसा की, शिकायला मिळेल." ड्रेन प्लगचा, म्हणजे तेल काढायच्या खालच्या बोल्टाचा, जुना वॉशर त्यांनी टाकून दिला आणि नवा घातला. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघितलं. ते चिकटून राहिलं आणि वर नवीन बसवलं की दोन रबरं एकावर एक येतात आणि तिथून तेल भळाभळा वाहतं. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावलं, हातानेच आवळला, पाना लावला नाही. तेल एकदम न ओतता मोजून घातलं, इंजिन चालवून, थांबून पुन्हा पट्टी बघितली. तेल जास्त भरलं तरी गाडीला त्रासच होतो. शेवटी किलोमीटर लिहून चिठ्ठी चिकटवली. माझा निर्णय त्या अर्ध्या तासात झाला.

मग गळतीचं सांगितलं. "आज काही उघडत नाही," ते म्हणाले. इंजिन गार झाल्यावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधलं, डिझेल आणि ब्रशने इंजिन धुऊन पुसून कोरडं केलं. "दोन दिवस शाळेला जाऊन या, मग दाखवा."

तिसऱ्या दिवशी गाडी खालून बघायच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली आणि त्यांनी पोराला हाक मारली, "एण्णी एल्लिंद सोरतैती, नोडु!" तेल कुठून गळतंय बघ. पोराने खालून वर अशी बॅटरी फिरवली. क्रँकच्या बाजूचा खालचा भाग कोरडा ठणठणीत. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात मात्र चकचकीत ओल होती, आणि तिथून एक बारीक वाट खाली उतरलेली.

कव्हर काढल्यावर त्यांनी पॅकिंग माझ्या हातात दिलं. वाकवलं तर मोडलं. "रबर मऊ पाहिजे, हे बांगडीसारखं झालंय." इंजिनातला दाब बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही चोंदला होता, तो बदलला. तो चोंदला की इंजिनात दाब साठतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तो तसाच ठेवून पॅकिंग बदललं असतं तर पुढच्या वर्षी मी पुन्हा तिथेच उभी असते. सिलिकॉन त्यांनी फक्त जोडाच्या दोन कोपऱ्यांत टिकलीएवढं लावलं. भरमसाट थापलं तर आत निघालेले तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळले. सामान आणि मजुरी मिळून 1,350 रुपये झाले. जुनं पॅकिंग आणि व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून मला दिलं.

जाताना त्यांनी आणखी एक दाखवलं, टायमिंग चेनच्या कव्हरच्या कडेला धूळ धरलेली ओलसर रेघ. मी घाबरून विचारलं, हेही करून टाकायचं का? "नको. हा पाझर आहे, थेंब धरत नाही. उगाच उघडून पैसे घालवू नका. थेंब दिसला की या." पैसे नको म्हणणारा माणूस मला गॅरेजमध्ये पहिल्यांदा भेटला. पुढे कुणीतरी गळती थांबवणारं औषध तेलात घालायला सुचवलं, तेव्हा त्यांनाच फोन केला. "कडक रबर थोडं मऊ होईल, पण फाटलेलं शिवून निघत नाही," एवढंच बोलले. मी ते घेतलं नाही.

गळती इतके महिने चालू ठेवली असती तर ते तेल शाळेच्या आवारातून ओढ्याला आणि तिथून कणकुंबीहून येणाऱ्या मलप्रभेला गेलं असतं. आमची मुलं त्याच पाण्यात खेळतात, म्हणून आवारात जे सांडलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. बदललेलं काळं तेल गटारीत न ओतता पिंपात साठवता ना, हेही मी मेस्त्रींना विचारून घेतलं. पिंप त्यांनी दाखवलं.

खोका अजून ठेवलाय. महिन्यातून एका शनिवारी रात्री गाडीखाली सरकवते. गेल्या रविवारी कोरडा होता, आणि पट्टीवर तेल वरच्या खुणेच्या जरासं खाली. वहीत तसं लिहिलंय, शेजारी किलोमीटर. चेन कव्हरची रेघ होती तेवढीच आहे.