मक्याच्या शेतांमधली पाच एकर दफनभूमी

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, प्रेअरी म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर जाणाऱ्या गवताचं माळरान. पण आमच्या ब्लूमिंग्टनहून गाडी काढून कुठल्याही दिशेला जा, दिसणार काय तर मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका, थेट आभाळाला टेकेपर्यंत. लातूर-विदर्भाकडच्या माणसाला सोयाबीन काही नवीन नाही, पण मधे एक बांध नाही, एक बाभूळ नाही अशी शेती बघून तोही गप्प होईल. कधीकाळी या राज्यात साधारण 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1976 ते 78 मध्ये सरकारने राज्यभर नीट सर्व्हे केला तेव्हा चांगल्या अवस्थेतली उरलेली निघाली जेमतेम अडीच हजार एकर, म्हणजे जवळपास नऊ हजार एकरांमागे एक. आणि ही उरलीसुरली सापडली कुठे, तर बरीचशी रेल्वे रुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींमध्ये!

त्यातलीच एक आमच्यापासून जवळ आहे, वेस्टन सिमेट्री. चेनोआ गावाच्या पूर्वेला, रूट 24 च्या जवळ, पाच एकरांचा तुकडा, चहूबाजूंनी शेतं. दुरून बघितलं तर कोणाचं तरी रान माजलंय असंच वाटतं.

त्याचं असं झालं की पूर्वेकडून आलेले शेतकरी आधी ओढ्याकाठच्या झाडीच्या आसऱ्यानेच राहायचे, कारण लाकूड आणि पाणी तिथे. उघड्या माळावर जायला कोणी धजत नव्हतं, एक तर पाणथळ जमीन, त्यात गवताच्या मुळांचं जाळं इतकं घट्ट की बैलांच्या चार-पाच जोड्या लावल्या तरी नांगर अडायचा, आणि चिकट काळी माती लोखंडी फाळाला लपेटून बसायची. 1837 मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने इथेच, इलिनॉयच्या ग्रँड डिटूर गावात, पोलादी नांगर बनवला, 1850 च्या दशकात रेल्वे आली, पुढे जमिनीखाली मातीचे पाइप टाकून पाणी काढून द्यायची पद्धत आली, आणि एका माणसाच्या आयुष्यात अख्खं माळरान उलथून झालं.

पण माणसं तर पहिल्या दिवसापासून मरत होती. कॉलरा, हिवताप, बाळंतपण. म्हणून वस्तीने कुठेतरी दोन-चार एकर बाजूला काढली आणि तिथे नांगर घातला नाही. एवढंच. त्यांना काही गवत वाचवायचं नव्हतं, आपल्या माणसांना जागा हवी होती. ते गवत मागे राहिलं ते त्या माणसांमुळे.

या काळातल्या थडग्यांवरचे दगड मी जवळ बसून वाचते. पांढरा संगमरवर असतो, पावसाने झिजून साखरेसारखा रवाळ झालेला, अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात. लहान मुलांच्या दगडावर बसलेलं कोकरू कोरलेलं असतं, बऱ्याचदा त्याचे कान आणि तोंड झिजून नुसता गोळा उरलेला, आणि खाली वय लिहिलेलं असतं वर्षं, महिने आणि दिवसांत. दिवससुद्धा मोजून लिहिलेत हो! बायकांच्या दगडावर अमक्याची पत्नी, आणि शेजारी त्याच आडनावाचे दोन-तीन छोटे दगड. मला तिथून पटकन उठवत नाही.

आणि या दगडांच्या मधे बिग ब्लूस्टेम गवत, सहा-सात फूट सहज. जुलैत कंपास प्लांटची सूर्यफुलासारखी पिवळी फुलं, त्याची खालची पानं पुठ्ठ्यासारखी जाड, खरखरीत, उभी राहतात आणि कडा धरतात उत्तर-दक्षिण, मुळं पंधरा फुटांपर्यंत खोल. लेडप्लांट नावाचं एक झुडूप आहे, नांगराखाली त्याची मुळं तट्कन तुटायची म्हणून शेतकरी त्याला बुटाची नाडी म्हणायचे.

हे सगळं शोधायचं श्रेय मोठ्या प्रमाणात रॉबर्ट बेट्झ या शिकागोच्या प्राध्यापकांना जातं, 1960 नंतर ते खेडोपाडीच्या जुन्या दफनभूमी पालथ्या घालत फिरले, आणि पुढे फर्मिलॅब या शिकागोजवळच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात त्यांनी प्रेअरी नव्याने उभी केली तेव्हा सुरुवातीचं बी याच उरल्यासुरल्या तुकड्यांमधून गोळा केलेलं होतं.

एक गोष्ट मात्र दगडांवर कुठेच नाही. हे माळरान हजारो वर्षं टिकलं ते आगीमुळे, आणि ती आग बऱ्याचदा इथले मूळ रहिवासी मुद्दाम लावायचे, म्हणजे झाडंझुडपं वाढायची नाहीत आणि कोवळ्या गवतावर जनावरं यायची. आमच्या भागात किकापू लोकांची मोठी वस्ती होती, 1819 च्या करारात त्यांच्याकडून ही जमीन गेली. त्यांच्या माणसांना कोणी पाच एकर राखून ठेवली नाही, हे मला तिथे उभं राहिलं की बोचतंच. आता मात्र त्यांचीच रीत वापरावी लागते, काही वर्षांनी एकदा, गवत वाळलेलं असताना, माणसं चारही बाजूंनी उभी राहून ठरवून आग लावतात, नाहीतर बाहेरचं गवत आणि झुडपं सगळं गिळून टाकतील.

अशा जागांवर वाद होतातच. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा तिथे आहेत त्यांना वाटतं गवत कापून स्वच्छ ठेवा, हे रान म्हणजे मेलेल्यांचा अपमान, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपल्या माणसाचं थडगं दिसायला तर हवं ना. पण दर आठवड्याला लॉनमोवर फिरला की फुलाला बी धरायला वेळच मिळत नाही आणि काही वर्षांत सगळं संपतं. मला विचाराल तर थडग्यांकडे जायची पायवाट कापून ठेवावी आणि बाकीचं राहू द्यावं, त्या माणसांनी पहिल्यांदा ही जमीन बघितली तेव्हा ती अशीच तर होती.

कधी इकडे मुलांकडे आलात तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गोचिडी असतात, आणि फूल, बी काही तोडू नका. दगडांना टेकू पण नका, बरेचसे आता नुसते मातीच्या आधाराने उभे आहेत.