सेलू ते लिंकन्स इन फील्ड्स: एलएलएम आणि शिष्यवृत्तीची सतरा महिन्यांची वाट

एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करायला मी लंडनला आले. मुंबईहून विमानाने साडेनऊ-दहा तास लागले. त्याआधी फाइल काखेत घेऊन मी परभणी, नांदेड, पुणे, मुंबई अशी जी फिरले, त्याला सतरा महिने लागले. माझ्यामागून ज्यांना यायचंय, त्यांच्या कामाचे तेच सतरा महिने आहेत, म्हणून बहुतेक त्यांच्याबद्दलच लिहितेय.

मी सेलूची. परभणीच्या कोर्टात सिनियरकडे तीन वर्षं काम केलं. आमच्याकडे जास्त प्रकरणं जमिनीची: निम्न दुधना प्रकल्पात, रस्त्यात, कॅनॉलात गेलेल्या जमिनी आणि त्यांचा वाढीव मावेजा, म्हणजे मोबदला. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खालचे संदर्भ, म्हणजे मावेजा मान्य नाही म्हणून कोर्टाकडे आलेली प्रकरणं, अजून चालू आहेत. ज्याची जमीन गेली तो माणूस वारला, आता मुलगा तारखेला येतो. मावेजा कसा ठरतो, तो वेळेत का मिळत नाही, इतर देशांत काय करतात, हे नीट शिकावं असं मनात होतं. एप्रिल २०२४ मध्ये घरात बोलले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "येवढ्या लांब जाऊन काय शिकायलीस? अन् पैसे कोण देणार?" दुसरा प्रश्न खरा होता.

उत्तर शोधायला मला दोन महिने लागले, कारण आपल्याकडे याची माहिती देणारं माणूस शेजारी सापडत नाही. माझ्यासाठी दार होतं ते महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठीचं. दरवर्षी ७५ जागा, त्यात विधी शाखाही आहे. शिक्षण शुल्क, राहण्याचा भत्ता, विमा, जाण्यायेण्याचं विमानभाडं मिळतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तिच्यात १२५ जागा आहेत आणि अनुसूचित जातींबरोबर विमुक्त, भटके, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांनाही अर्ज करता येतो. हा भाग मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या तालुक्यात भूमिहीन शेतमजुराची मुलं एलएलबी करतात आणि त्यांना हे ठाऊक नसतं. मराठा-कुणबी मुलांनी सारथी या शासनाच्या संस्थेकडे बघावं, ओबीसी आणि व्हीजेएनटीच्या मुलांनी इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, आदिवासी मुलांनी आदिवासी विकास विभागाकडे, खुल्या गटातल्यांनी तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. उत्पन्नाची, वयाची, टक्केवारीची अट वर्षागणिक बदलते. मागच्या वर्षीच्या कुणाच्या व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचा. आपण वकील आहोत, अटी वाचणं आपलं काम आहे.

विद्यापीठ निवडतानाच एक खाच लक्षात ठेवा. सरकारी शिष्यवृत्तीला जगातल्या विद्यापीठांच्या क्यूएस क्रमवारीतला ठरावीक क्रमांक लागतो आणि तो सगळ्या विद्यापीठाचा मोजतात, कायदा विषयाचा नाही. लंडनचं सोआस आपल्यासारख्या देशांच्या कायद्यासाठी फार चांगलं आहे, माझी पहिली पसंती तेच होतं. पण एकूण क्रमवारीत ते २०० च्या बाहेर पडतं, म्हणून मला ते सोडावं लागलं. ज्यांना फेलिक्स शिष्यवृत्तीचा विचार करायचाय त्यांच्यासाठी मात्र सोआस उघडं आहे; फेलिक्स ऑक्सफर्ड, सोआस आणि रीडिंग इथेच मिळते. मी चार ठिकाणी अर्ज केले आणि शेवटी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात आले. ब्रिटनमध्ये एलएलएमचा अर्ज प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो, प्रत्येकाची फी वेगळी. अमेरिकेत गुणपत्रकं बहुतेक ठिकाणी एलएसएसी या संस्थेमार्फत पाठवावी लागतात, त्याचा खर्च निराळा. मी तिकडे गेले नाही, त्यामुळे जास्त सांगत नाही.

अर्जासोबत उद्देशपत्र लागतं, म्हणजे हा अभ्यास का करायचाय ते सांगणारं पत्र. ते मी पहिल्यांदा लिहिलं ते वाचून माझे सिनियर गप्प बसले. त्यात लहानपणापासूनची न्यायाची ओढ होती, जागतिकीकरण होतं, सगळं होतं. मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही रोज कोर्टात काय करायलात ते लिहा की." दुसऱ्या मसुद्यात मी एकच प्रकरण घेतलं: तीन एकर जमीन, मोबदल्याचा निवाडा, विहिरीची किंमत धरली नाही म्हणून वाद, विहिरीचा पंचनामा नाही, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही, साक्षीला शेजारी. त्यातून तीन प्रश्न काढले आणि त्या प्रश्नांना त्या विद्यापीठातले कोणते विषय लागू पडतात ते सांगितलं. चारपैकी तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. जिल्हा न्यायालयात काम केलेल्या माणसाकडे जे आहे, ते मोठ्या शहरातल्या मुलांकडे नसतं. ते झाकू नका.

टक्केवारीबद्दलही सांगते. ब्रिटनची नावाजलेली विद्यापीठं आपल्या पदवीत साठ-पासष्ट टक्के मागतात. आपल्याकडे कायद्यात साठच्या पुढे जाणारे थोडे. माझे ६१ होते आणि कॉलेजात मी दुसरी होते. प्राचार्यांकडून त्यांच्या लेटरहेडवर तसं पत्र घेतलं आणि प्रत्येक अर्जाला जोडलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी जोडलं, आणि मला वाटतं त्याचा उपयोग झाला.

शिफारसपत्राला वेळ गेला तो वेगळ्याच कारणाने. विद्यापीठं शिक्षकाच्या संस्थेच्या ईमेलवर दुवा पाठवतात, साधा जीमेल धरत नाहीत. आमच्या सरांचा संस्थेचा ईमेल कधी उघडलाच नव्हता, पासवर्ड कुणाजवळ होता तेही माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर सर आणि मी बसलो. सर मराठीत सांगत होते, मी काहीच बोलायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, टाइप करायला ग्रंथपाल मॅडम. "हिने मूट कोर्टात समोरच्याचं ऐकून मग उत्तर दिलं, असं लिहा," ते म्हणाले. मूट कोर्ट म्हणजे कॉलेजातला सरावाचा खटला. त्यांना संस्थेचा ईमेल मिळवून द्यायला तीन आठवडे गेले होते. हे काम जून-जुलैतच करून ठेवा.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पुण्यात दिली. कायद्याला बहुतेक ठिकाणी एकूण ७ आणि लेखनात निदान ६.५ ते ७ मागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना लेखनाची भीती असते, मलाही होती. तीन महिने रोज चाळीस मिनिटांत एक निबंध लिहून काढला, घड्याळ लावून. निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून परीक्षा लवकर दिली तर बिघडत नाही.

ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीचाही अर्ज केला होता. ऑगस्टमध्ये खुला होतो आणि त्या वर्षी ५ नोव्हेंबरला बंद झाला. निदान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, वयाची वरची अट नाही, शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. नेतृत्व, संपर्क, अभ्यासक्रम आणि पुढची वाट अशा चार प्रश्नांची उत्तरं लिहायची. मुलाखतीपर्यंत मी पोचले नाही. पण त्या चार उत्तरांसाठी केलेला विचार पुढे प्रत्येक फॉर्मला कामी आला. ज्युनियर वकिलांना नेमणूकपत्र नसतं, म्हणून सनद मिळाल्यापासूनची डायरी जपून ठेवा. तास मोजायला तीच लागते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. जानेवारी २०२५ मध्ये प्रवेशाचं पत्र आलं, घरात पेढे वाटले. पत्रात खाली लिहिलं होतं की प्रवेश सशर्त आहे, मूळ पदवी प्रमाणपत्र सादर करावं. माझ्याकडे पदवी नव्हती. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र होतं, गुणपत्रकं होती, सनद होती, पण दीक्षांत समारंभाचा फॉर्म मी कधी भरलाच नव्हता. वकिली करायला पदवीचा तो जाड कागद कुणी मागत नाही, म्हणून राहून गेलं. आणि शाहू शिष्यवृत्तीला विनाअट प्रवेशपत्र लागतं. सशर्त पत्र लावलं तर अर्ज बाद.

मग फेब्रुवारीत परभणीहून सकाळच्या गाडीने नांदेड, तिथून विष्णुपुरीला विद्यापीठात. अशा तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत कळलं की गुणपत्रकावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. ही चूक माझी. पासपोर्टचा फॉर्म भरताना मी घाई केली होती. प्रतिज्ञापत्र केलं, पासपोर्ट दुरुस्त करून घेतला. एप्रिलच्या शेवटी पदवी हातात आली, मे महिन्यात विनाअट पत्र आलं. शिष्यवृत्तीची जाहिरात त्यानंतर थोड्याच दिवसांत लागली. तीन आठवडे उशीर झाला असता तर वर्ष गेलं असतं.

म्हणून उलटं मोजा. जाहिरात उन्हाळ्याच्या शेवटी येते असं धरा. त्याआधी विनाअट पत्र हवं. म्हणजे पदवी, ट्रान्सक्रिप्ट आणि इंग्रजीचा निकाल डिसेंबरपर्यंत हातात हवेत. जातवैधता प्रमाणपत्र नसेल तर त्याला आजच लागा. ते आयत्या वेळी मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, वडिलांचे आयकर विवरण किंवा फॉर्म १६, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रत्येकी सहा साक्षांकित प्रती एका गठ्ठ्यात ठेवा. करारनामा आणि जामीनदारांची तयारीही आधी करा. आमच्या मामांना जामीन राहायला सांगताना वडिलांचा आवाज बारीक झाला होता. मामांनी मात्र सही करून वर विचारलं, "अजून कुठं करू?"

फाइल घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले. समाजकल्याण आयुक्तालय पुणे स्टेशनपासून लांब नाही, रिक्षाने पटकन पोचता येतं. फाइल हातोहात द्यायची असेल तर पोच घेतल्याशिवाय निघू नका, आणि पोचेवर आवक क्रमांक व तारीख आहे ना, ते तिथेच बघा.

निवड झाल्यावर सुटकेचा श्वास सोडू नका, पुढे पैशाचा घाट आहे. सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेश-निश्चितीचं पत्र, देण्याआधी विद्यापीठ अनामत रक्कम मागतं. शासनाचं निवडपत्र पाठवून ती माफ करण्याची विनंती करा, माझ्या बाबतीत ती मान्य झाली. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे, पण एक वर्षाच्या एलएलएमला व्हिसा वर्षाहून चार महिने जास्त मिळतो, म्हणून दीड वर्षाचा, १,१६४ पौंड कापला जातो. मी एक वर्षाचाच धरला होता. शिवाय लंडनसाठी व्हिसाच्या नियमात माझ्या वेळी, २०२५ मध्ये, महिन्याला १,४८३ पौंड खर्च धरत होते, नऊ महिन्यांपर्यंत. माझ्यानंतर तो आकडा वाढला आहे. सरकारी भत्ता इतका पुरत नाही, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचे पैसे स्वतःजवळ ठेवा. भत्त्याचा पहिला हप्ता यायच्या आत घरभाडं आणि अनामत द्यावी लागते. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने ठरवून दिलेल्या केंद्रातच करावी लागते, गावच्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही.

जे. एन. टाटा एन्डोमेंटचं नाव इथे घेते, कारण वरच्या खर्चासाठी ते उपयोगी पडू शकतं. ते १८९२ पासून चालू आहे. पण ती कर्जशिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते, हे आधी घरात सांगा. इनलॅक्स शिष्यवृत्तीसाठी वय तिशीच्या आत हवं.

सामानात ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी नेली. तूप आणि पेढे नेऊ नका. दुधाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे.

क्वीन मेरीचे एलएलएमचे वर्ग लिंकन्स इन फील्ड्सला भरतात, स्टेशन होबर्न. तिथून दहा मिनिटं चाललं की ग्रेज इन ही बॅरिस्टरांची संस्था लागते. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये तिथे नाव घातलं आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. मधे पैसे संपले म्हणून त्यांना परतावं लागलं होतं. १९२० मध्ये पुन्हा येताना शाहू महाराजांनी मदत केली होती. त्याआधी १९१३ मध्ये कोलंबियासाठी सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड दिले, तेही करारावर सही घेऊन. पहिल्या आठवड्यात मी त्या फाटकाबाहेर उभी राहिले आणि मामांची जामिनावरची सही आठवली. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलं, ते चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार बंद होतं.

परवा जिंतूरच्या एका मुलीचा फोन आला. एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाचा निकाल लागलाय, ६३ टक्के आहेत, पुढच्या वर्षी यायचंय म्हणाली. कुठलं विद्यापीठ चांगलं, असं तिने विचारलं. मी विचारलं, "दीक्षांतचा फॉर्म भरलास का?"

"नाही ताई. प्रोव्हिजनल हाय ना."

"उद्या भर. अन् पावतीचा फोटो मला पाठव."

आज दुपारी वर्गात असताना फोटो आला. पावतीवर तिचं आडनाव आधी आहे. आता पासपोर्टवर कसं आहे, ते विचारायचंय.